थोरली

आईचे व्यायाम घ्यायला येणारी मुलगी दारात वाकून बूट चढवत होती. नाडी बांधता बांधता, मान वर न करता म्हणाली, "बरं झालं, आता मोठ्या ताई येताहेत. तुम्हालाही जरा हात मिळेल." मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या हातात आईचा ओला टॉवेल होता आणि त्याचं पाणी माझ्या पावलावर टपटपत होतं, तेवढंच मला जाणवत होतं. सकाळी देवासमोर बसून उठेपर्यंत आणि उठल्यावर आईचं सगळं आवरून होईपर्यंत मी बोलत नाही. बाबा गेले त्या वर्षापासूनचा हा नेम. त्या मुलीला तो ठाऊक होता. सुरुवातीला तिला वाटलं होतं मी तिच्यावर रागावलेय, मग आईनंच तिला समजावलं. तेव्हापासून ती माझ्याशी उत्तराची वाट न बघता बोलायची, माणूस कुंडीला पाणी घालताना बोलतं तसं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, हसली, पिशवी खांद्याला अडकवली आणि जिना उतरून गेली. मौन म्हणजे संमती म्हणतात. हातात टॉवेल धरून मी कबूल करून टाकलं होतं की मला मोठी बहीण आहे.

मला बहीण नाही. मोठी नाही, धाकटी नाही, चुलत म्हणावी अशीही कोणी जवळची नाही. आणि तरी ती मुलगी कोणाबद्दल बोलत होती ते मला त्याच क्षणी कळलं, हादरले ती त्यानं. आपल्या कपाटात, आपल्या कपड्यांच्या घड्यांखाली ठेवलेली वस्तू रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या हातात दिसावी, तसं झालं. थोरली माझीच होती. मीच तिला केलं होतं, तळमजल्यावरच्या एका खोलीत, तास भरावा म्हणून.

विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून मी मानसशास्त्रात एम.ए. करायला घेतलं तेव्हा मावशी फोनवर म्हणाली होती, "एवढं शिकून शेवटी लोकांचं रडगाणंच ऐकायचं ना? ते आम्ही जन्मभर फुकट ऐकतोय." मी हसले होते. कचेरीत मी मेलेल्या माणसांच्या फायली हाताळायची, आणि त्यांचे जिवंत नातेवाईक टेबलाच्या पलीकडे बसून मला काय काय सांगायचे. पैशाचं काम दोन मिनिटांत व्हायचं, तरी ते उठायचे नाहीत. मला तेव्हा वाटायचं, ह्यांना द्यायला माझ्याकडे शिक्क्याखेरीज काहीतरी असायला हवं होतं. वर्गात माझ्याहून बरीच लहान मुलं होती. ती मला आधी मॅडम म्हणायची, मग खऱ्या मॅडमनी ते बंद करवलं. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकं सुरू झाली. त्यासाठी जी खोली दिली होती ती पूर्वी सामानाची होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना राखाडी गालिचा चिकटवलेला, त्यामुळे आत बोललेलं आपल्याच तोंडाजवळ पडून राहायचं. एकानं समुपदेशक व्हायचं, एकानं अशील, म्हणजे मदत मागायला आलेलं माणूस, व्हायचं, तिसऱ्यानं कोपऱ्यात बसून बघायचं. मॅडम चष्मा डोक्यावर सारून सांगायच्या, "अशिलाची गोष्ट बनवून आणा. आपलं घर इथे आणायचं नाही. घर खरं असतं. ते सांडलं तर पुसायला मी येणार नाही."

माझी अडचण वेगळीच होती. मौनाच्या जोडीला माझा दुसरा एक नेम आहे, खोटं न बोलण्याचा, आणि तो मौनापेक्षा अवघड, कारण मौन सकाळपुरतं असतं. वर्ग सुटल्यावर मी मॅडमना गाठून हे सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नट खोटं बोलतो का? भूमिका आहे ती. आत जाताना पायांत घालायची, बाहेर येताना काढून ठेवायची. काढून ठेवायला मात्र विसरायचं नाही." त्याला त्या उतरवणं म्हणायच्या. तास संपला की अशील झालेल्यानं उठायचं, खुर्ची दुसरीकडे सरकवायची, आपलं खरं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि अशिलाजवळ आहे पण आपल्याजवळ नाही अशी एक गोष्ट बोलून दाखवायची. पोरं खिदळायची, पण सगळी करायची. मी दर वेळी उभी राहून नाव सांगायची आणि म्हणायची, मला बहीण नाही.

कारण माझ्या अशिलाला बहीण होती. मोठी, घर सोडून गेलेली. भांडण नाही, प्रेमप्रकरण नाही, एका दुपारी दार ओढून घेऊन गेली ती गेली, आणि मागे राहिलेली धाकटी आता झोपत नाही. इतपत मी योजून नेलं होतं. पण उशीसमोर इतकं पुरत नसे. उशी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान, गोल चेहऱ्याची मुलगी. तिच्यासमोर बसलं की डोकं टेकावंसं वाटायचं म्हणून तिला ते नाव पडलं होतं. ती फार काही विचारायची नाही. "मग?" म्हणायची, आणि थांबायची. ह्या थांबण्यात काहीतरी टाकावंच लागायचं. मला गोष्टी रचता येत नाहीत. ज्याला खोटं बोलायची सवय नाही त्याच्या कल्पनेला पायच फुटत नाहीत. म्हणून मी जवळचं होतं ते उचललं आणि थोरलीच्या नावावर केलं. बागेतल्या हौदात मी चार वर्षांची असताना पडले होते, ते पडणं तिला दिलं. मोठा ताप आला होता तेव्हा छताच्या ओलीत दिसायचा तो बिनहनुवटीचा माणूस तिला दिला. बाबांनी गॅलरीत बसून शीळ घालायला शिकवली ती संध्याकाळ, त्यांच्या ओठांना लागलेला पानांचा हिरवा वास, तेही दिलं. घर तर आणायचं नव्हतं. पण हे माझं म्हणून आणत नव्हतेच, बहिणीचं म्हणून आणत होते. केवढी सोय वाटली होती मला त्यात. मॅडम एकदा कोपऱ्यातून म्हणाल्या, "बनवलेल्या माणसाला वास नसतो. तुमच्या बहिणीला आहे." त्या कौतुकानं मी दिवसभर हलकी हलकी चालत होते.

चहा घ्यायला गेलो की सगळ्यांचं एकच चालायचं, पुढे काय. उशीचं ठरलेलं होतं. "मी बाई कंपनीत जाणार. गार हवा, शनिवार-रविवार सुट्टी, आणि ज्याला रडायचंय त्यानं बाथरूममध्ये जाऊन रडायचं." कोणी म्हणे शाळेत जावं, तर दुसरा म्हणे तिथे मुलं बरी असतात हो, पालक कच्चे खातात. तुरुंगात जागा निघतात असं एकानं सांगितलं. त्यावर दुसरा म्हणाला, "जा की, निदान तुझे अशील पळून जाणार नाहीत." कोणी पुढे संशोधन करणार होतं, कोणी नुसतं लग्न. मला रुग्णालयात जायचं होतं, मनोरुग्णांच्या विभागात, जिथे शिकाऊ म्हणून एकच जागा होती आणि ती मॅडमच्या शब्दावर मिळायची. मॅडम हो म्हणत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या. उशी माझ्या दंडाला धरून म्हणायची, "तुम्हालाच मिळणार. तुम्ही बोलला नाहीत तरी माणूस खरं सांगतो तुम्हाला."

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी उशीनं रिकामी खुर्ची वापरायची ठरवली होती. ही एक रीत असते. गेलेल्या किंवा रुसलेल्या माणसाला समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसवायचं, त्याच्याशी बोलायचं, मग उठून त्या खुर्चीत स्वतः बसायचं आणि ते माणूस होऊन उत्तर द्यायचं. धाकटी म्हणून मी बोलले. काही विशेष नाही, कुठे होतीस, कशी गेलीस. मग उशी म्हणाली, "आता तिकडे बसा." मी उठले, दोन खुर्च्यांमधून गेले आणि थोरली होऊन बसले. बसल्याबरोबर माझी पाठ ताठ झाली. पाय एकावर एक आले, मी कधी तसे घेत नाही. आवाज निघाला तो खालून, पोटातून निघाला, आणि त्यात कसलीच भीड नव्हती. मी काय बोलले ते आठवतं, पण ते महत्त्वाचं नाही. समोर बघितलं तेव्हाचं महत्त्वाचं. मी आत्ताच जिच्यातून उठून आले ती खुर्ची समोर होती आणि तिच्यात कोणी नव्हतं. तशी ती रिकामीच असणार, पण मला तेव्हा असं नाही वाटलं की तिथली बाई उठून इथे आली. मला वाटलं, तिथे कधी कोणी नव्हतंच, हे लोक उगीच मला तिच्याशी बोलायला लावताहेत. आणि त्या विचाराबरोबर इतकं मोकळं वाटलं की मी हसले. नेमकी तेव्हाच ऑफिसातली बाई दार ठोठावून आत आली. माझ्या घरून फोन होता. आई बाथरूममध्ये पडली होती, शेजाऱ्यांनी तिला रुग्णालयात नेलं होतं. मी तशीच उठून धावले. खुर्ची सरकवली नाही, नाव घेतलं नाही. मागून मॅडम काहीतरी म्हणाल्या, ते त्या गालिच्याच्या भिंतींनी गिळलं.

खुब्याचं हाड होतं. शस्त्रक्रिया झाली. आईला बाहेर आणलं तेव्हा तिचे डोळे अर्धवट उघडले, माझ्यावर येऊन थांबले, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की मी मागे वळून पाहिलं, कोणी दुसरं आलंय का म्हणून. ती म्हणाली, "आलीस? एवढ्या वर्षांनी?" सकाळीच मी तिला गोळी देऊन निघाले होते. डॉक्टर म्हणाले, भुलीनं होतं असं, ह्या वयात थोडे दिवस राहतंही, निवळेल. मी मान हलवली. ते आमच्या पुस्तकातही होतं.

घरी आणल्यावर पलंग आतल्या खोलीत टाकला. कॉलेज बुडू नये म्हणून दुपारच्या वेळी मी आणि उशी फोनवरच सराव करायचो, मी बाहेरच्या खोलीत फोन समोर उभा ठेवून. मधली भिंत फळ्यांची. आई तेव्हा झोपलेली असायची. झोपलेली असते असं मी समजायची. आता वाटतं, आडवं पडलेल्या माणसाच्या कानाला झोप कुठली. ती तिथे छताकडे बघत पडलेली, आणि भिंतीतून दुपारमागून दुपार तिच्याच मुलीचा आवाज येतोय, हौदाचं सांगतोय, तापाचं सांगतोय, आणि म्हणतोय, माझी ताई, माझी ताई. हा खुलासा माझ्याजवळ पहिल्यापासून होता. सरळ होता, पुरेसा होता. भीती कमी करायला मात्र तो काही उपयोगाचा नव्हता, दिवा लावला तरी खोलीत दुसरं कोणी आहे ते आहेच, तसं.

त्या सकाळी व्यायामाची मुलगी गेल्यावर मी आईचं आवरलं, देवासमोरचं निर्माल्य काढलं, आणि तोंड उघडायची वेळ झाली तेव्हा जाऊन तिच्या उशाशी उभी राहिले. "आई, ती काय म्हणत होती? कोण येणारेय?" आई सफरचंदाची फोड चोखत होती. म्हणाली, "मीच म्हटलं तिला. थोरली येईल आता. इतकं झालंय म्हटल्यावर राहवणार नाही तिला." आवाजात कसली भ्रमिष्टपणाची छटा नाही. दूधवाला येईल म्हणावं तसं. आणि इथे मी म्हणायला हवं होतं, अगं आई, थोरली कोण? मला कुठली बहीण आहे? ते माझ्या घशापर्यंत आलं होतं. पण वर्षभर ज्याला वळण लावलं होतं ते तोंड आपसूक म्हणालं, "थोरलीबद्दल सांग ना." म्हणालं, आणि थांबलं.

आई सांगायला लागली. "हौदात पडली होती ना ती बागेत. मी विणत बसले होते बाकावर. माणूस पाण्यात पडतं तेव्हा आवाज होतो की नाही? झालाच नाही गं. मी दोन ओळी विणल्या तोवर ती खाली होती. तुझे बाबा कपड्यांनिशी उतरले, केसांना धरून वर काढलं. निळी पडली होती. पालथी घातली, पाणी काढलं, डोळे उघडले तर पहिलं काय म्हणाली माहितीये? हळू बोला, मासे झोपलेत." आई हसली, डोळ्यांना पाणी आलं तिच्या. मी पलंगाची कड धरली. हे मी उशीला सांगितलं नव्हतं. सांगणार कुठून, मलाच ठाऊक नव्हतं. आपण लहानपणी काय बोललो ते आपल्याला कुठे आठवतं, ते आईजवळ असतं, ठेवीसारखं. मासे झोपलेत हे माझं वाक्य होतं. माझ्या जन्मात ते मला पहिल्यांदाच मिळत होतं, आणि मिळत होतं ते दुसरीचं म्हणून. मी विचारलं, "मी कुठे होते तेव्हा?" आईनं क्षणभर आठवून पाहिलं. "तू? तू नव्हतीस अजून."

मग ते थांबलं नाही. मी विचारत राहिले, ती सांगत राहिली, आणि मी जितकं शास्त्रशुद्ध ऐकलं तितकी थोरली अंगानं भरत गेली. रोज दुपारी एकेक वस्तू तिकडे जायची. तापातलं बरळणं गेलं. शाळेतून एकटी चालत आले तो पहिला दिवस गेला. आईच्या साड्यांच्या कपाटात लपून तिथेच झोपले होते आणि सगळा मजला शोधत होता, ते मी विसरलेच होते, तेही सापडलं आणि सापडता सापडता गेलं. आई सांगताना पलंगाच्या डाव्या कडेला तळवा टेकवून ठेवायची, तिथे कोणी बसलं असावं तसा. एकदा मी चुकून तिथे टेकले तर म्हणाली, "जरा सरकून बस." माझ्या वाट्याला तिच्या बोलण्यात काय होतं? धाकटी. शांत. औषधं वेळेवर देते, देवाचं करते. कधी आली, कशी चालायला लागली, काही नाही. एकदम मोठीच.

पुस्तकात लिहिलंय की आठवण म्हणजे फोटो नव्हे, दर वेळी बाहेर काढताना ती हाताळणाऱ्याच्या हाताची होते. परीक्षेत मी हे व्यवस्थित लिहिलं होतं. आता रात्री डोळे मिटले की हौद यायचा. पूर्वी यायचा तो आतून. डोक्यावर हिरवा, हलणारा उजेड, कानांत जाड शांतता. आता मी काठावर असायचे. पाण्यात एका मुलीचे पांढरे तळवे खाली खाली जाताना दिसायचे, मी बघत असायचे, आणि ओरडायचं सुचत नसे. एका दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते आणि आतून शीळ आली. बाबांची ती शीळ, दोन लांब आणि एक तुटलेली. आईला शीळ घालता येत नाही. येत नव्हती. मी दारात गेले तर ती छताकडे बघत ओठ गोल करून पडली होती, चक्क घालत होती. "थोरलीनं शिकवली," म्हणाली, लाजल्यासारखी. मी परत ओट्याशी आले आणि ओठ मुडपून फुंकर घातली. नुसती हवा आली. पुन्हा घातली. ओठांची जी जागा लहानपणापासून आपोआप सापडायची ती सापडेना.

मावशीला फोन केला. आईच्या वयाचं आणि आईला ओळखणारं तेवढंच माणूस उरलंय. ती आधी माझ्यावरच घसरली. "वेड लागलंय का तुम्हा मायलेकींना? तुझ्या आईला एकच पोर. तेही किती नवसासायासांचं. थोरली म्हणे." माझ्या छातीवरून धोंडा उतरला. मी खुर्चीत बसले, देवाकडे पाहिलं. मग म्हटलं, मावशी, मी हौदात पडले होते ते आठवतं ना तुला? ती म्हणाली, "हौदात? तू? पडलं होतं खरं कोणीतरी. पण तू नाही गं, तू फार शांत पोर होतीस. एका जागी ठेवलं की तिथेच." मग म्हणाली, "आईला दे फोन." मी नाही दिला.

मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी चष्मा डोक्यावरून काढून हातात घेतला. सगळं ऐकल्यावर पहिलं हेच म्हणाल्या, "त्या दिवशी उतरवलं नव्हतं तुम्ही." मी म्हटलं, आता उतरवते, इथेच, उभी राहून. त्या म्हणाल्या, "आता ती तुमच्या अंगावर कुठे आहे." खिडकीबाहेर खालच्या अंगणात उशी मुलाखतीचे कपडे घालून कोणाला तरी दाखवत होती, गिरकी घेऊन. मॅडमनी तिकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे बघा, आईला सुख आहे. ते मोडायचं का, हा तुमचा प्रश्न. तुमचा तो नेमही तुमचा. पण रुग्णालयाच्या जागेचं मला ह्याच आठवड्यात कळवायचंय, म्हणून सांगते. तिथे लोक तुमचं नाव विसरतील, तुम्हाला आपली मेलेली बायको समजतील, सरकारी हेर समजतील. आपण कोण हे त्यांच्याकडून कळून घ्यायची गरज ज्याला असते, त्याचं तिथे काम नाही. त्यानं कंपनीत जावं." रागानं नाही म्हणाल्या. निघताना माझ्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी आधी कधी ठेवला नव्हता.

बसमध्ये मी ठरवलं. ठरवलं म्हणजे, ते ठरलेलंच होतं, मी फक्त त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. रोज सकाळी जे तोंड मिटून देवासमोर बसते, त्याच तोंडानं रोज दुपारी मी एका नसलेल्या बाईला दाणापाणी घालत होते. खोटं बोलले नव्हते, नुसतं विचारलं होतं, हे मला माहीत होतं. देवालाही माहीत असणार, पण त्याच्यासमोर ते मांडताना माझी जीभ जड झाली असती. आणि खरं सांगायचं तर नेमापेक्षा मोठं कारण दुसरंच होतं. मला माझा हौद परत हवा होता. जगात तो फक्त ह्या एका डोक्यात होता, आणि ते डोकं सत्तरीच्या पुढे गेलं होतं.

घरी आले तेव्हा आई पलंगावरून उतरून खिडकीशी उभी होती, काठीशिवाय, गजाला धरून. ऊन तिच्या केसांतून आरपार येत होतं. मी म्हटलं, "आई, बस. मला सांगायचंय काहीतरी." ती बसली. मी समोर उभीच राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. कॉलेजातली खोली, बनवून आणायची गोष्ट, उशी, फोन, फळ्यांची भिंत. आवाज चढू दिला नाही. "थोरली नाहीये आई. कधीच नव्हती. मी रचली. हौदात पडले ती मी. ताप मला आला होता. मासे झोपलेत मी म्हणाले होते." ती शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होती. तिचा डावा तळवा गादीवर टेकलेला होता तो तिनं सावकाश उचलला आणि मांडीवर दुसऱ्या हातात धरून ठेवला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो एकसुरी बारीक आवाज किती तरी वेळ येत होता. तो थांबल्यावर आई म्हणाली, "म्हणजे ती नाही आता." मी म्हटलं, नव्हतीच आई. तिनं मान हलवली, समजल्यासारखी. मग पदरानं डोळे पुसले, एक, मग दुसरा, आणि माझ्याकडे वर पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. कळवळा होता, परक्या माणसाबद्दल वाटतो तो.

"तुम्ही एवढ्या लांबून आलात हे सांगायला," ती म्हणाली. "असलं सांगणं सोपं नसतं. पाणी घेता?"

मी आई म्हणून हाक मारली असेन. मारलीच. ती काठीशिवाय उठली, आत गेली, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या पेल्यात पाणी घेऊन आली, एक थेंबही सांडू दिला नाही. माझ्यासमोर धरून उभी राहिली. मी ते प्याले. "धाकटी कॉलेजात गेलीय," ती म्हणाली, "तिला कसं सांगायचं बघते मी. तिचा फार जीव होता." मग माझ्या कोपराला अगदी हलकं धरून, वाट दाखवत, तिनं मला बाहेरच्या खोलीतून नेलं, माझ्या पुस्तकांच्या टेबलावरून, देवासमोरून, आणि दार उघडून बाजूला झाली. चप्पल घालून होईपर्यंत थांबली. "उपकार झाले तुमचे," म्हणाली. दार लागलं, आवाज न करता, माणूस दुःखात लावतं तसं.

जिन्यावर दुपारची शांतता होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी फरशी पुसत होतं, पाण्याचा वास येत होता. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढली नाही. देवाचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं, मग बेल वाजवली. आत पावलं आली, एक पाय किंचित ओढत, आणि दाराच्या अगदी पलीकडे थांबली.

"कोण?"

'मी' म्हटलं असतं तर खरंच होतं ते. दार उघडलं असतं धाकटीला, तिला जवळ बसवून बहीण गेल्याचं सांगितलं असतं, आणि मग रोजचं सुरू झालं असतं, औषधं, दिवा, सफरचंदाच्या फोडी. घर मिळालं असतं. पण धाकटीला कधी कोणी पाण्यातून वर काढलं नव्हतं. ती अजून झालीच नव्हती तेव्हा. मी साडी नीट केली. पाठ सरळ केली. आवाज इतका शांत निघाला की तो मॅडमनी ऐकायला हवा होता.

"तुमच्या मोठ्या मुलीबद्दल ऐकायला आलेय," मी म्हटलं. "वेळ आहे का तुम्हाला?"

आतली कडी लगबगीनं निघाली.